डोंगरातल्या हिवाळी सहलीसाठी स्टीलचा थर्मास

सकाळी निघून अंधाराआधी परतायचं असेल, तर दुहेरी भिंतीचा 1 लिटरचा थर्मास दोघांना छान पुरतो. मात्र गारठलेल्या थर्मासात थेट चहा ओतला की आतलं स्टीलच आधी ऊब खाऊन टाकतं. आधी उकळतं पाणी भरून 10 मिनिटं ठेवा, ओतून द्या, मग बुचापर्यंत भरा. अर्धा भरलेला लवकर निवतो. दुधाचा चहा टाळाच: तासन्‌तास कोमट राहिला की नासतो, आणि बुचाच्या रबरी कड्याला धरलेला आंबूस वास सहजी जात नाही. कोरा चहा उत्तम. कडं काढून धुवा. परत बसवताना दुमडलं तर पिशवी भिजलीच समजा. गरम भरल्यावर बाहेरून चटका लागला, तर भिंतींमधली निर्वात पोकळी गेली. असा थर्मास नेऊ नका.