फेट सिम्युलेशन्स : उत्तर न सांगणारी प्रयोगशाळा

वर्गात ऑनलाइन खेळ वापरायचे म्हटले की गुण, घड्याळ आणि विजेत्यांची यादी या गोष्टी ओघाने येतातच. अमेरिकेतील कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील सिम्युलेशन्समध्ये, म्हणजे पडद्यावर करून पाहायच्या आभासी प्रयोगांमध्ये, यांतले फारसे काही नाही, आणि माझ्या मते तेच त्यांचे बलस्थान आहे. भौतिकशास्त्राच्या २००१ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. प्रारंभी भौतिकशास्त्रापुरता असलेला हा संग्रह पुढे रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्रापर्यंत विस्तारला. ही सिम्युलेशन्स ब्राउझरमध्ये मोफत चालतात, त्यांतील अनेक मराठीतही आहेत, आणि फाइल आधी उतरवून ठेवल्यास वर्गात इंटरनेट नसले तरी अडत नाही.

या संग्रहातील सर्वांत कसदार सिम्युलेशन विद्युत परिपथाचे आहे. पडद्यावर तार, विद्युतघट, बल्ब आणि कळ ओढून आणायची, टोके एकमेकांना जोडायची, की तारेतून निळे ठिपके सरकू लागतात. हे ठिपके म्हणजे इलेक्ट्रॉन. बल्ब विद्युतधारा ‘खाऊन टाकतो’, त्यामुळे बल्बच्या पुढच्या तारेत ती कमी उरते, ही समजूत विद्यार्थ्यांच्या मनात फार घट्ट बसलेली असते आणि फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी सहसा हलत नाही. येथे मात्र बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे ठिपके एकाच वेगाने जाताना दिसतात, आणि दोन्हीकडे ॲमीटर (धारा मोजणारे उपकरण) लावला तर आकडाही तोच येतो. कळ दाबताच परिपथातील सगळे ठिपके एकदम हलू लागतात, त्यामुळे घटापासून बल्बापर्यंत इलेक्ट्रॉन ‘पोचण्याची’ वाट पाहावी लागत नाही, हेही न सांगता लक्षात येते. घटाची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर घट पेट घेतो. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जे करू नका म्हणून बजावले जाते ते येथे मुद्दाम करून पाहता येते, आणि मुले ते पहिल्या काही मिनिटांतच करतात (करू द्यावे).

दोलकाचे सिम्युलेशन त्यामानाने साधे आहे, परंतु त्यात एक कल्पक जागा आहे. पृथ्वी, चंद्र आणि गुरू यांच्या जोडीला ‘ग्रह क्ष’ दिलेला असून तेथील गुरुत्व त्वरण किती हे लपवलेले आहे. दोरीची लांबी आणि दोलनकाल (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) मोजून ते काढावे लागते. सूत्रात आकडे भरण्याचा नेहमीचा कंटाळवाणा सराव त्यामुळे शोधाचे रूप घेतो. काही सिम्युलेशन्समध्ये खेळाचा वेगळा पडदाही आहे. तोलाच्या फळीवर वजने मांडलेली असतात आणि आधार काढल्यावर फळी कोणत्या बाजूला कलेल हे आधी सांगावे लागते.

वर्गात लोकप्रिय असलेल्या कहूटसारख्या प्रश्नमंजूषांशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. तेथील नेहमीच्या गुणपद्धतीत लवकर दिलेल्या बरोबर उत्तराला अधिक गुण मिळतात. उजळणीसाठी ते ठीक आहे, पण नवी संकल्पना समजून घेताना घाई हाच अडथळा ठरतो. फेटमध्ये कोणी घाई करत नाही. मात्र कोणी दिशाही दाखवत नाही. शिक्षकाने नेमका प्रश्न दिला नाही तर अर्धा तास आगी लावण्यात आणि दोलकाचे वजन वरखाली करण्यात सहज निघून जातो. “दुसरा बल्ब एकसर जोडणीत लावला तर पहिल्याचा प्रकाश वाढेल, घटेल की तेवढाच राहील?” असा प्रश्न विचारून अंदाज वहीत लिहून घ्यावा आणि मगच माऊसला हात लावू द्यावा, म्हणजे पडद्यावर जे घडते त्याला काही अर्थ येतो.

उणिवाही आहेत. सरकणारे ठिपके पाहून इलेक्ट्रॉन तारेतून झपाट्याने धावतात असा ग्रह होऊ शकतो. नेहमीच्या तारेतील त्यांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग प्रत्यक्षात अतिशय मंद असतो, आणि हे शिक्षकालाच सांगावे लागते. येथील तारांना मुळात जवळपास रोधच नसतो, टोके सैल होत नाहीत, घट उतरत नाही. मोजमापातील चूक म्हणजे काय, हे अशा निर्दोष परिपथातून शिकता येत नाही. विद्यार्थ्याने काय काय करून पाहिले याची नोंद राहत नाही आणि पान बंद केले की मांडणीही जाते, म्हणून मूल्यमापनासाठी वहीच वापरावी लागते. लहान मोबाइलवर तारांची टोके जुळवणे जिकिरीचे आहे. त्यासाठी संगणक किंवा टॅबलेटच हवा.

खऱ्या घटाला आणि बल्बाला पर्याय म्हणून मी हे साधन सुचवणार नाही. प्रत्यक्ष परिपथ जोडून झाल्यावर, आणि तो अपेक्षेप्रमाणे का चालला नाही याची चर्चा सुरू असताना, तारेच्या आत काय चालले असावे हे दाखवण्यासाठी मात्र शिक्षकाने ते अवश्य उघडावे.