ऑस्ट्रेलियातली सक्तीची लष्करभरती: सेमिनारला १९१६ घ्यायचं की व्हिएतनाम?

सेमिनारला ऑस्ट्रेलियाचा लष्करी इतिहास घेतलात, त्यातही सक्तीची भरती, टॉपिक भारीच आहे, पण पहिल्या महायुद्धातली १९१६-१७ ची सक्तीच्या भरतीवरची सार्वमतं आणि व्हिएतनाम युद्धाच्या वेळची भरतीची लॉटरी हे दोन्ही २० मिनिटांत कोंबायला जाऊ नका, एकच धरा.

व्हिएतनामकडे सगळ्यांचा हात आधी जातो आणि त्याला कारणही आहे. १९६४ चा कायदा, मेन्झीस पंतप्रधान, २० वर्षांच्या पोरांनी नाव नोंदवायचं, मग पिंपातून नंबरच्या लाकडी गोट्या काढायच्या, तुमच्या जन्मतारखेची गोटी निघाली की दोन वर्षं लष्करात. ८ लाखांवर पोरांनी नोंदणी केली, जवळपास ६४ हजार लष्करात गेले, त्यातले १५ हजारांवर व्हिएतनामला. आणि मतदानाचं वय तेव्हा २१, म्हणजे ज्याची गोटी निघाली त्याला मतच नाही! पुढे १९७० चे मोठे मोर्चे, डिसेंबर १९७२ मध्ये लेबर पार्टीचे व्हिटलम निवडून आले आणि आठवड्याच्या आत भरती बंद. गोष्ट आयती आहे, पण निष्कर्षही आयता, आणि तो ऐकून सरांना जांभई येणार हे धरून चाला.

१९१६ मध्ये मात्र डोकं खाजवावं लागतं. लेबर पार्टीचेच पंतप्रधान बिली ह्यूज, फ्रान्समधल्या पॉझिएरच्या लढाईत माणसं भराभर पडली, स्वेच्छेनं येणारे कमी पडायला लागले, आणि सक्तीनं परदेशात पाठवायला कायद्याची आडकाठी, म्हणून २८ ऑक्टोबरला थेट लोकांनाच विचारलं. नाही ११,६०,०३३, हो १०,८७,५५७. पक्ष फुटला, तरी डिसेंबर १९१७ मध्ये गड्यानं परत विचारलं आणि आणखी मोठ्या फरकानं हरला.

आता खरी गंमत. नाही म्हणणारे सगळे शांततावादी होते असं समजू नका. मेलबर्नचे कॅथलिक आर्चबिशप मॅनिक्स होते, आयर्लंडमधला उठाव ब्रिटिशांनी चिरडला त्याचा राग होता, आणि आपली पोरं गेली की बाहेरून स्वस्त मजूर आणतील ही युनियनवाल्यांची भीतीसुद्धा होती. त्याच सुमारास माल्टाच्या मजुरांचं जहाज आलं तर त्यांना देशात घ्यायला लागू नये म्हणून सरकारनं त्यांची चक्क डच भाषेत परीक्षा घेऊन त्यांना नापास केलं, माल्टाची माणसं, डच कुठून येणार! आणि खुद्द सैनिकांचा कौल? हो ७२,३९९, नाही ५८,८९४, म्हणजे तिथेही एकमत नाहीच.

साधनांचं म्हणाल तर १९१६ ची वर्तमानपत्रं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या वेबसाइटवर घरबसल्या फुकट वाचता येतात, १९५४ नंतरची मात्र तिथे फारच थोडी, त्यामुळे व्हिएतनाम घेतलंत तर मुलाखतींवर जास्त भर द्यावा लागेल.

दुसऱ्या महायुद्धाला एक स्लाइड द्या, जॉन कर्टिनसाठी. १९१६ मध्ये भरतीला विरोध करून थोडे दिवस तुरुंगात गेलेला माणूस, आणि १९४३ मध्ये पंतप्रधान म्हणून त्यानंच सक्तीनं घेतलेल्या सैनिकांना देशाबाहेर, नैर्ऋत्य पॅसिफिकमध्ये पाठवायचा कायदा केला.

हातात चारच दिवस असतील तर व्हिएतनाम घ्या, लाजायचं काही नाही. महिना असेल तर १९१६ च, आणि सुरुवात क्वीन्सलँड राज्यातल्या वॉरिकच्या स्टेशनवरून करा, नोव्हेंबर १९१७, कोणीतरी ह्यूजना अंडं मारलं, त्यांनी पोलिसाला अटक कर म्हणून सांगितलं, पोलीस म्हणाला मी क्वीन्सलँडचाच कायदा मानतो, आणि ह्यूजनी चिडून केंद्राचं वेगळं पोलीस दलच काढलं.