मांडव एकच असेल तर: साधी काकडी, मेक्सिकन काकडी की किवानो?

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा 44 अंशांच्या आसपास रेंगाळतो. त्यामुळे परसात किंवा गच्चीवर कोणती विदेशी वेल लावावी, हे बियांच्या पाकिटावरचे चित्र बाजूला ठेवून, मृगाचा पाऊस आणि नळाला दिवसाआड येणारे पाणी यांच्या हिशेबाने ठरवावे.

मेक्सिकन काकडी, म्हणजे मेलोथ्रिया स्काब्रा, ही मेक्सिको व मध्य अमेरिकेतली; काकडीच्याच कुलातली, पण प्रजाती निराळी. तिचे फळ मेहरूणच्या बोराएवढे, सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीचे असते आणि हिरव्या-पांढुरक्या रेषांमुळे ते भातुकलीतल्या टरबुजासारखे दिसते. सालीसकट चावले की आधी काकडीचा कुरकुरीतपणा आणि मागून लिंबासारखा आंबटपणा जाणवतो. फळे टणक असतानाच तोडावीत, कारण पिकू दिल्यास ती बियांनी भरतात आणि गळून पडतात. सुरुवातीला मात्र ही वेल धीर पाहते: उगवणीलाच दोन आठवडे जाऊ शकतात आणि पुढचे काही आठवडे दोऱ्यासारखे खोड जागचे हलत नाही. म्हणून मेअखेरीस सावलीत, कागदी कपांत बी टोकून पाऊस सुरू होताच रोपे हलवावीत. तणावे नाजूक असल्याने त्यांना जाड बांबू पेलत नाही. सुतळी किंवा बारीक जाळीच द्यावी. मोठी कुंडी तिला पुरते.

किवानो आफ्रिकेतला. नारिंगी, काटेरी साल आणि आत हिरवा, बुळबुळीत गर. फळ पिकायला साधारण चार महिने लागतात आणि वेल पसरते, तेव्हा गच्चीवर तो नकोच. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना तो चांगला तोंड देतो आणि पिकलेली फळे घरात दीर्घकाळ टिकतात, हे त्याचे गुण. पण चवीपेक्षा रूपच मोठे, असे माझे मत आहे.

या दोघांपुढे आपली काकडी दीड-दोन महिन्यांत ताटात येते आणि एका फळात घरादाराची कोशिंबीर होते. परंतु उष्णता वाढली की तिच्यावर नर फुलेच अधिक येतात, पाण्याचा ताण पडला की फळ कडू होते, आणि पावसाळ्यात फळमाशी व केवडा (पानांवरचा रोग) यांच्याकडे सतत लक्ष द्यावे लागते.

रोजच्या जेवणासाठी वेल हवी असेल, तर मांडव काकडीलाच द्यावा. कोपऱ्यात एखादी कुंडी आणि खिडकीचे गज मोकळे असतील, तर तिथे मेक्सिकन काकडी लावावी. ती मुलांच्या हाती येता-जाता लागेल आणि उरलेली फळे व्हिनेगरमध्ये मुरवता येतील. बियांचा खर्चही एकदाच होतो: गळालेली फळे आठवडाभर सावलीत ठेवून, बी धुऊन वाळवले की पुढच्या मृगाला तेच वापरता येते. संकरित काकडीच्या घरच्या बियांपासून मात्र तसेच फळ मिळेल, याची खात्री नसते.