गावात नवीन वाचनालय: खात्याचं, संस्थेचं नवं बांधकाम की पेठेतली जुनी इमारत?

खानापूर असूदे, निपाणी असूदे नाहीतर बेळगाव तालुक्यातलं एखादं मोठं गाव, वाचनालयाची नवी इमारत म्हटलं की पर्याय तीनच. एक, नगरपालिकेकडून जागा घेऊन सरकारच्या ग्रंथालय खात्याचं ग्रंथालय आणायचं. दोन, संस्थेनं देणग्या गोळा करून स्वतःची नवी इमारत बांधायची. आणि तिसरा, ज्याच्याबद्दल मीटिंगमध्ये सहसा कोण बोलत नाही, पेठेतली एखादी जुनी बळकट इमारत घेऊन ती नीट करायची. कमिटीत बसून ठरवायची वेळ आली असेल तर तिन्ही शेजारीशेजारी ठेवून बघा, माझं मत मी मधेमधे सांगतेच.

पण त्याआधी एक हिशोब, कारण माझ्या मते निर्णय याच्यावरच व्हायला पाहिजे. समजा ३००० चौरस फूट बांधकाम आणि दर २००० रुपये धरला, तर ६० लाख झाले. (दर तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला विचारा, इथं फक्त गणितासाठी धरलाय, रॅक, टेबलं, कंपाऊंड वेगळं.) आता चालवायचा खर्च बघा. ग्रंथपाल १५ हजार, मदतनीस १० हजार, लाईट-पाणी-इंटरनेट ४ हजार, पेपर आणि मासिकं २ हजार, नवीन पुस्तकं ४ हजार. महिन्याला ३५ हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. हे पैसे ठेवीच्या व्याजातून काढायचे म्हटले आणि व्याज ७ टक्के धरलं तर ठेव किती लागते? ६० लाख! म्हणजे जेवढ्याची इमारत तेवढीच ठेव. ३०० सभासद महिन्याला ५० रुपयेप्रमाणे देणारे मिळाले तर १५ हजार तिथून येतात, तरी उरलेल्या २० हजारासाठी ३४ लाखाची ठेव लागतेच. भूमिपूजनाला सगळा गाव येतो, कोनशिलेवर नाव घालून देणगी द्यायला माणसं तयार असतात, पण ग्रंथपालाच्या पगाराला देणगी द्या म्हटलं की कोण पुढं येत नाही, आणि चांगलं वाचनालय बंद पडतं ते बहुतेक इथंच.

आता खात्याचं ग्रंथालय. याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे पगार आणि पुस्तकं सरकारकडून. कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा, आणि त्यात ग्रंथालय सेस आहे, घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागं ६ पैसे. म्हणजे हजार रुपये घरपट्टी भरणारा माणूस ६० रुपये ग्रंथालयासाठी देतोच आहे, पावती काढून बघा. हे पैसे नगरपालिकेनं गोळा करून ग्रंथालय प्राधिकरणाकडं द्यायचे असतात. त्यामुळं खात्याकडं जाताना आपण काय मेहेरबानी मागतोय असं वाटून घेऊ नका, आपलेच पैसे आपल्या गावात खर्च करा म्हणतोय. अर्ज करायच्या आधी गेल्या काही वर्षांत आपल्या गावातून सेस किती जमा झाला आणि किती पुढं गेला हे माहिती अधिकारात मागून घ्या, तो आकडा हातात असला की बोलणं सोपं होतं. ग्रामपंचायतीचं गाव असेल तर गोष्ट वेगळी, तिथली ग्रंथालयं २०१९ मध्ये ग्रामविकास खात्याकडं गेली, आता त्यांना अरिवु केंद्र म्हणतात, तिथं पीडीओशीच (पंचायत विकास अधिकारी) बोलावं लागणार.

तोटा काय, तर वेळ आणि ताबा. जागेचा ठराव, खात्याची मंजुरी, मग निधी, मग टेंडर, या सगळ्यात किती वर्षं जातील कोण सांगू शकत नाही. आणि पुस्तकांची निवड आपल्या हातात नसते. मराठी कपाट किती भरणार हे तुम्ही मागणी किती लावून धरता त्यावर आहे, यादी करून, सह्या घेऊन, दरवर्षी. आपल्याकडची पोरं कन्नडही वाचतात मराठीही वाचतात, आईला मराठी कादंबरी पाहिजे आणि मुलगा केपीएससीचा (कर्नाटकातल्या सरकारी नोकरीच्या परीक्षेचा) अभ्यास करतोय असं एकाच घरात असतं, त्यामुळं दोन्ही भाषा एका छताखाली मिळाल्या पाहिजेत हे मी कुठल्याही पर्यायात सोडणार नाही.

दुसरा पर्याय, संस्थेची स्वतःची इमारत. मनाला सगळ्यात जवळचा हाच, आणि आपल्या भागात त्याला मोठी परंपरा आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, इंग्रज गेले, १९५६ ला राज्य बदललं, संस्था टिकली, कारण ती लोकांच्या हातात होती. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. पलीकडं महाराष्ट्रात संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग लावून दरवर्षी अनुदान मिळतं. कोल्हापूर, चंदगडकडचे पाहुणे हेच सांगतात आणि आपल्या कमिटीला वाटतं इकडंपण तसंच असणार. इकडं मुख्य व्यवस्था खात्याच्या स्वतःच्या ग्रंथालयांची आहे. त्या अनुदानाच्या भरवशावर बजेट बांधू नका.

पैसे कुठून येतात मग? कोलकात्याचं राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशन, १९७२ पासूनचं, केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाखाली, पुस्तकं, फर्निचर, इमारत वाढवणं यासाठी मदत देतं, पण कागदपत्रं आणि खर्चाचे दाखले चोख लागतात. कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा निधी) आहे, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालय उभारणं स्पष्ट लिहिलंय, फक्त संस्थेला तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं आणि त्या निधीसाठीची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी पाहिजे. म्हणजे काल स्थापन झालेल्या मंडळाला ते पैसे मिळत नाहीत, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. आमदार-खासदार निधी आला तर पैसे संस्थेच्या खात्यात येत नाहीत, काम सरकारी यंत्रणा करते, आणि बांधलेल्या भागाची मालकी कुणाकडं राहते हे करार वाचल्याशिवाय सही करू नका. देणगीदाराला आयकर सवलतीची (८०जी) पावती देता आली तर बरं, पण ती सूट जुन्या कर पद्धतीतच मिळते आणि रोख देणगी २००० च्या वर असेल तर मिळत नाही, त्यामुळं चेक किंवा यूपीआयनंच घ्या.

आणि जागा. फुकट मिळणारी जागा बहुतेक वेळा बायपासला किंवा गावाबाहेरच्या लेआउटमध्ये असते. फुकट आहे म्हणून घेऊ नका असं मी हात जोडून सांगेन. संध्याकाळी सहा ते आठ हीच वाचनालयाची खरी वेळ, तेव्हा म्हातारी माणसं चालत येऊ शकतात का, शाळा-कॉलेजच्या पोरी अंधार पडल्यावर निर्धास्त घरी जाऊ शकतात का, एवढंच बघायचं.

म्हणून मला तिसरा पर्याय आवडतो. पेठेतली जुनी चिऱ्याची इमारत, बंद पडलेली शाळा, सोसायटीचं रिकामं गोडाऊन, दीर्घ मुदतीच्या भाड्यानं किंवा विकत. माणसं आधीच तिथं येजा करतात. दुरुस्तीला नव्या बांधकामाच्या निम्मे पैसे धरले तरी वरच्या हिशोबातल्या ६० लाखातले ३० लाख ठेवीला उरतात, आणि आपल्याला लागतात ३४. म्हणजे वाचनालय पहिल्या वर्षापासून जवळजवळ स्वतःच्या पायावर उभं राहतं.

पण इथं इंजिनियरशिवाय एक पाऊल टाकू नका. पुस्तकं भयंकर जड. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे घराच्या खोलीला चौरस मीटरमागं साधारण २०० किलोचा भार धरतात, आणि पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला ६०० किलो, रॅक सव्वादोन मीटरपेक्षा उंच असले तर त्याहून जास्त. तिप्पट! जुन्या माडीवर रॅक लावणं म्हणजे धोका. रॅक तळमजल्यावर आणि वाचायची खोली वर, असंच करा. त्यात खानापूरच्या पश्चिमेचा, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस म्हटला तर भिंती चार महिने ओल्या, तिथं रॅक भिंतीपासून हातभर लांब, खाली जमिनीपासून उंच, समोरासमोर झरोके, आणि कौलाखालची लाकडं वाळवीसाठी एकेक ठोकून तपासलेली पाहिजेत. छपरावरच पैसे वाचवायला गेला तर पहिल्या पावसाळ्यात दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे जातील, आणि ते परत मिळत नाहीत.

बोर्डाचं पण आधीच ठरवून टाका. २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकावर ६० टक्के कन्नड लागतं, तेवढं नीट करा आणि उरलेल्या जागेत मराठी ठसठशीत लिहा, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यावरून वाद नको.

मी कमिटीत असते तर असं करते. निपाणीसारखं मोठं शहर, जिथं घरपट्टी भरपूर जमा होते, तिथं पहिला पर्याय आधी लावून धरायचा, सेसचा आकडा घेऊन, आणि संस्थेनं मराठी पुस्तकांची आणि कार्यक्रमांची बाजू सांभाळायची. खानापूरसारख्या ठिकाणी किंवा मोठ्या गावात जुनी इमारत, तळमजला आधी सुरू करून माडी दोन-तीन वर्षांनी. आणि संपूर्ण नवं बांधकाम फक्त तेव्हाच, जेव्हा चालत जाण्याच्या अंतरावर कुणी जागा दान दिली, उताऱ्यावर संस्थेचं नाव चढलं, ई-खाता (मालमत्तेची ऑनलाईन नोंद) हातात आला, आणि निम्मी ठेव बँकेत पडली. यातलं एक जरी बाकी असेल तर भूमिपूजनाची तारीख काढू नका, देणगीदार कितीही घाई करूदेत.