थंडी सोसणारं चेरीचं कलम, ठाण्याच्या बाल्कनीत : 16 महिन्यांनंतर

मागच्या वर्षी जानेवारीत हिमाचलमधल्या एका रोपवाटिकेकडून गोड चेरीचं कलम ऑनलाइन मागवलं. जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, 'खुंट कडाक्याच्या थंडीतही टिकणारा' (खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग; त्यावर गोड चेरीची फांदी सांधलेली असते). घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहून मी या वाक्याला भुललो, हे बायको अजून पाहुण्यांना सांगते.

पॅकिंगला नाव ठेवायला जागा नाही. मुळं ओल्या शेवाळात गुंडाळलेली, सांध्यावरची पट्टी घट्ट. फेब्रुवारीत झाडून सगळे डोळे फुटले आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून मोकळा झालो.

पावसाळ्यात बुंध्याशी, मातीच्या वर, बारीक गाठी दिसल्या. रोग समजून घाबरलो. चिठ्ठीवर खुंटाचं नाव 'कोल्ट' होतं, म्हणून शोधलं तर ही त्या खुंटाची खोडच निघाली; खोडावरच मुळांचे कोंब येतात. सोबत हेही कळलं की कोल्ट इंग्लंडात ईस्ट मॉलिंगला तयार झालेला, आणि कडक थंडी सोसण्यात महालेबसारख्या खुंटापेक्षा कमीच. म्हणजे जाहिरात तिथेही जरा सैलच. पण महालेबला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. आपल्या जुलैत तो मूळकुजीने गेला असता, तेव्हा कोल्ट आला ते बरंच झालं.

खरा घोळ दुसऱ्या वर्षी. थंडी सोसणं वेगळं, थंडी लागणं वेगळं. खुंट टिकाऊ असला तर गोठलेल्या जमिनीत मुळं वाचतात, एवढंच. वरच्या गोड चेरीला मात्र नीट फुटायला नि फुलायला हिवाळ्यात साधारण 7 अंशांखाली हजारेक तास हवेत. इथे पारा 16 वर आला की आपण स्वेटर शोधतो! पहिल्या वर्षीची पालवी हिमाचलात खाल्लेल्या थंडीवर आलेली. यंदा मार्च सरला तरी डोळे मिटलेलेच; एप्रिलमध्ये शेंड्याला चार पानं आली, खालची फांदी काडीसारखी. फूल एकही नाही. शेजारचे काका म्हणाले, फ्रीजमध्ये ठेव. हजार तास म्हणजे सहा आठवडे. आईने विचारलं, मग भाजी कुठे ठेवायची?

रोपवाटिकेला पिनकोड दिसत होता. एक फोन करून सांगता आलं असतं. तक्रारीवर उत्तर आलं, 'खत वाढवा'.

5 पैकी 2 तारे. एक पॅकिंगला, एक खुंटाला. हिमाचलात कोटगढ-नारकंड्याकडे कुणाची जमीन असेल त्यांनी जरूर घ्यावं, फक्त खुंटाचं नाव आधी विचारून. ठाणेकरांनी येऊरचं करवंद लावावं. नाहीतरी आइस्क्रीमवरची लाल 'चेरी' पुष्कळदा पाकातलं करवंदच असते.

सध्या वरचं कलम सुकत चाललंय आणि सांध्याखालून कोल्टचे फुटवे जोरात येतायत. दर रविवारी कापतो, पुढच्या रविवारी पुन्हा हजर.