स्वस्त स्क्रू घरात चालतात का? एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

किलोवर मिळणारे स्क्रू घरकामाला चालतात. ताकदीत ते फारसे कुठे कमी पडले नाहीत. छळलं ते त्यांच्या डोक्याने, तेही लावताना कमी आणि काढताना जास्त.

घर सांगलीत गावभागात, जुनं. खाली स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर खोल्या, त्यावर अर्धी गच्ची आणि अर्धा पत्रा. उन्हाळ्यात मांडण्या, ओट्याखालच्या कपाटांची दारं, न्हाणीतला रॅक, पत्र्याची डागडुजी असं बरंच काम काढलं. काही सुतारमामांनी केलं, काही मी. सामान गणपती पेठेतून आणलं: झिंकचा मुलामा दिलेले पांढरे आठ नंबरचे स्क्रू किलोवर, काळे जिप्सम स्क्रू, भिंतीच्या भोकात स्क्रूसाठी बसवायच्या साध्या प्लास्टिकच्या गिट्ट्या. शिवाय ऑनलाइन मिळतो तो कप्प्याकप्प्यांचा मिश्र डबा आणि तुलनेला ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंचं पाकीट. स्टीलचा स्क्रू मला साध्याच्या तिप्पट-चौपट भावाने पडला.

आठ नंबर म्हणजे साधारण ४.२ मिमी जाडी. प्लायच्या मांडणीवर डाळ-तांदळाचे डबे, कुकर, लोणच्याच्या बरण्या चढवल्या तरी असा स्क्रू मोडत नाही, त्याच्या आधी प्लाय पकड सोडतं. म्हणून मांडणी खाली आली की शिव्या स्क्रूला पडतात आणि दोष बहुतेक वेळा लांबीचा निघतो. पाऊण इंची फळीला एक इंची स्क्रू लावला तर पलीकडे पाव इंचच शिरणार, तिथे महागातला घेऊनही उपयोग नाही. आमच्या मांडण्या दीड इंची साध्या पांढऱ्या स्क्रूंवर आहेत, अजून जागच्या हललेल्या नाहीत.

काळ्या स्क्रूंचं वेगळं आहे. ते मुळात जिप्सम बोर्ड फ्रेमवर आवळण्यासाठी बनवलेले. पाणी देऊन कडक केलेलं पोलाद, अणकुचीदार टोक, भोक न पाडता सरळ घुसतात, म्हणून सुतारांचे लाडके. दुकानातही उत्तर ठरलेलं, ‘काळेच न्या की, सगळे तेच नेत्यात.’ पण एवढं कडक पोलाद वाकायच्या आधी तुटतं. माळ्याच्या दाराच्या बिजागऱ्या मामांनी यांच्यावर बसवल्या होत्या. दार वजनदार, त्यात पोरं लोंबकळणारी. एका बिजागरीतलं डोकं टक्कन उडालं आणि दांडा चौकटीत अडकून राहिला. साधा पांढरा स्क्रू तिथे आधी वाकला असता आणि वाकलेला दिसला तरी असता. काळा रंग म्हणजे फॉस्फेटचा थर, गंज अडवायची त्याची ऐपत बेताची. कोरड्या खोलीत, बोर्डाच्या कामाला तो उत्तम. बिजागरीला नको.

आता डोकं. किलोतले मूठभर स्क्रू उजेडात धरून पाहिले तर फरक डोळ्यांनाच दिसतो. काहींची अधिकच्या चिन्हासारखी खाच उथळ, काहींची मध्य सोडून एका बाजूला सरकलेली, एखाद्याला खाचच नाही, एखाद्याचे आटे अर्ध्यावर संपलेले. असे बिनकामाचे बाजूला काढले तरी भाव परवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. त्रास देतो तो मधल्या प्रतीचा, जो आत जाईपर्यंत नीट वागतो. शेवटचा अर्धा वेढा आवळताना ड्रिलचं बिट खाचेतून उसळतं, खाचेच्या कडेने चंदेरी चुरा दिसतो आणि चार कोपऱ्यांची खाच गोल वाटी होऊन बसते. स्क्रू बसलेला असतो, काम झालेलं असतं. तो परत काढायची वेळ आली की मग खरी मजा.

सांगलीत ती वेळ येतेच. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आमची खालची कपाटं जागेवरच फुगली होती. तेव्हापासून घरात नियम असा की आकडा चढायला लागला की कपाटांची दारं, ड्रॉवर, जमलं तर सगळा सांगाडा सोडून वरच्या मजल्यावर. यंदाही पाणी चढू लागलं तेव्हा सोडायला घेतलं. स्टीलचे स्क्रू भराभर सुटले. किलोतले निम्मे सुटले. बाकीच्यांत बिट नुसतं गरागरा फिरत राहिलं, कारण खाच आधीच गेलेली आणि ओट्याखालच्या ओलीने डोक्यावर तांबडा गंज धरलेला. झिंकचा मुलामा असतोच काही मायक्रॉनचा, त्यात बिट उसळताना खाचेतला खरवडून निघतो आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. दोन दारं शेवटी पटाशीने उचकटून काढली, बिजागरीमागचं प्लाय त्यात उखडलं. त्या प्लायच्या किमतीत सगळ्या कपाटांना स्टीलचे स्क्रू आले असते.

दुकानात करायची एक परीक्षा सांगतो, खर्च शून्य. आपलं दोन नंबरचं फिलिप्स, म्हणजे अधिकच्या खाचेचं बिट खिशात न्यायचं, त्याच्या टोकाला स्क्रू बसवायचा आणि बिट आडवं धरायचं. नीट खाचेचा स्क्रू सरळ उभा राहतो, उथळ खाचेचा मान टाकतो किंवा खाली पडतो. बिटाला चुंबक नको, नाहीतर सगळेच पास होतात.

स्टील म्हणून सगळंच घ्यावं असंही नाही. बाजारात २०२ प्रतीचं स्टीलही ‘एसएस’, म्हणजे स्टेनलेस म्हणूनच मिळतं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, ओलीत ते ३०४ च्या आधी डाग धरतं. चुंबक लावून पारख करणारे बरेच भेटतात, पण स्क्रू घडवताना थंड धातू दाबला जातो, त्यामुळे अस्सल ३०४ सुद्धा चुंबकाकडे थोडा ओढला जाऊ शकतो. पाकिटावर प्रत छापलेली बघून घेणं बरं. शिवाय स्टील तुलनेने मऊ. जुन्या सागवानी चौकटीत भोक न पाडता दामटलं तर आतच पिळून तुटतं. तीन मिमीचं भोक आणि आट्यांना साबण, एवढं केलं की लोण्यात शिरल्यासारखा जातो. न्हाणीत अजून एक शत्रू म्हणजे फरशीवर ओततात ते ॲसिड. त्यापुढे ३०४ चीही डाळ शिजत नाही. रॅकखालच्या स्क्रूंवर तपकिरी ओघळ दिसले तेव्हा आईची ॲसिडची बाटली बंद केली, ते भांडण वेगळं.

भिंतीतल्या स्क्रूंबद्दल मात्र लोक उगाच स्क्रूवर पैसे घालतात. तिथे सगळी पकड गिट्टीची. मिश्र डब्यातल्या गिट्ट्या पुन्हा वितळवलेल्या प्लास्टिकच्या असाव्यात, हाताने दाबल्या तरी चिरत होत्या. चांगली नायलॉनची गिट्टी स्क्रू शिरताना फुगून भिंतीला धरते, ही नुसती भोकात फिरते. आमच्या भिंती मातीत रचलेल्या विटांच्या, त्यामुळे भोक सांध्यात पडलं की हाताला कळतं, ड्रिल सटकन आत जातं. ती जागा सोडून विटेच्या पोटात भोक घ्यायचं, आठ मिमीच्या गिट्टीला आठचंच बिट. स्क्रू साधा असला तरी ती मांडणी टिकते. पत्र्याच्या स्क्रूंचं दुखणं त्यांच्या रबरी वायसरमध्ये. स्वस्तातलं वायसर एका उन्हाळ्यात तडकलं आणि पहिल्याच वळवाला पत्र्यातून थेंब गळायला लागले. ईपीडीएम रबराचं वायसर मागून घ्या, ते ऊन सोसतं.

गीझर आणि झोपाळा यांना किलोवरचं काहीही नको. ते डोक्यावर येणारं प्रकरण आहे. झोपाळ्याला बोल्ट घेताना त्याच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण आणि ८.८ असा आकडा कोरलेला बघा. पहिला आठ म्हणजे दर चौरस मिमीला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसतो, दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, ६४० पर्यंत, कायमचा ताणला जात नाही. कोऱ्या डोक्याचा बोल्ट कसला आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

माल देशी की बाहेरचा यावर बरीच चर्चा ऐकू येते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने किलोला १२९ रुपयांहून स्वस्त असलेल्या ठरावीक स्क्रूंची आयात रोखली, त्यानंतर ती जास्तच. लुधियाना हे आपल्याकडचं नट-बोल्टचं मोठं केंद्र, तिथला चांगला मालही मी वापरलाय आणि टुकारही. खोक्यावरच्या पत्त्यापेक्षा मी बिट लावून बघतो.

सध्या घरात दोन डबे वेगळे ठेवलेत. ओट्याखाली, न्हाणीत आणि सगळ्या बिजागऱ्यांना ३०४. वरच्या मजल्यावरच्या मांडण्या, टेबलाच्या पट्ट्या, फोटो, वायरींच्या क्लिपा यांना किलोतले, निवडून घेतलेले. बरेच उरलेत, ते गणपतीच्या मखराला घेतो. दहा दिवसांत सोडायचे असतात, तेवढ्यात गंजत नाहीत आणि एखाद्याची खाच गेली तरी मखराची पट्टी काही सागवानी नसते.