महालातलं टू-स्ट्रोक गॅरेज: जेट स्कीलाही हात लावतात

सेकंडहँड जेट स्की, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे गुदमरायची. नागपुरात हिला कोण बघणार? शेवटी आरएक्स १०० या जुन्या टू-स्ट्रोक बाइकवाल्या मिस्त्रींकडे नेली.

"भाऊ, टू-स्ट्रोक तो टू-स्ट्रोक. कार्ब्युरेटर मागून खोलू, पयले कॉम्प्रेशन पाहू."

दोन्हीकडे जवळपास सारखं भरलं, म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत. मग प्लग काढले: एक कॉफी रंगाचा, दुसरा पांढराफटक. त्या बाजूला पेट्रोल कमी पडत होतं, आणि ऑईल पेट्रोलमधूनच जात असल्यानं वंगणही. असंच पळवलं असतं तर पिस्टन जाम! क्रँककेसला प्रेशर देऊन हवा गळत नाही याचीही खात्री केली. दोष निघाला डायफ्राममध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या आतल्या रबरी पडद्यात. रबर पार आखडलेलं. किट बाहेरून मागवावं लागलं, तिथे वेळ गेला.

घरी पाण्याचा पाइप लावून चालवायची रीतही शिकवली. आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी. नाहीतर एक्झॉस्टमधून सिलिंडरात पाणी शिरतं.

मजुरी सांगितली तेवढीच घेतली. फोन क्वचितच उचलतात. ट्रेलर गल्लीत वळत नाही, सकाळी लवकर जा.